अवेळी फुटलेला लार्च

शिंपीणबाईंचा नवरा खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेला, तेव्हा जाताना एकच काम सांगून गेला. "गच्चीवरच्या लार्चला पाणी घाल. माती सुकली असेल तरच." बावीस वर्षं त्याने वाढवलेलं हातभर उंचीचं ते बोन्साय. बाईंचे गुडघे असे, की त्या कधी गच्चीवर फिरकल्याच नव्हत्या. आता मात्र रोज धापा टाकत चढायच्या आणि झाडाला, नवऱ्याला मिळून चार शब्द सुनावायच्या.

दुसऱ्या आठवड्यात सुईसारखी पानं पिवळी पडली, तिसऱ्यात कुंडीभोवती सडाच पडला. पाईनच्या जातीचं झाड बारा महिने हिरवं, एवढं तर पोराटोरांनाही ठाऊक असतं! नवरा विचारायचा, "झाड कसं आहे?" बाई म्हणायच्या, "झकास," आणि घाईघाईने विषय बदलायच्या.

दवाखान्यातला मुक्काम लांबत गेला, थंडी कडाक्याची पडली. शेवटी नणंदेने फोनवर निकाल दिला, "गारठलंय ते, वहिनी. घरात घ्या बिचाऱ्याला." नणंदेला जगातलं सगळंच कळतं. बाईंनी कुंडी खाली आणली आणि शिलाई मशीनपाशी, हीटरच्या उबेत ठेवली.

पण चैन कसली पडतेय? दर दहा टाक्यांनी उठायचं, फांद्या न्याहाळायच्या, परत बसायचं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. आपल्या हातून नवऱ्याचं झाड जाणार, हा एकच घोर बाईंच्या जिवाला लागला होता.

आणि एका सकाळी फांद्यांवर हिरवे ठिपके! बाईंनी मशीन तशीच टाकली आणि तडक दवाखाना गाठला.

"अहो, पालवी फुटली तुमच्या झाडाला!"

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. "घरात आणलंस?"

"मग काय करू? सगळी पानं गळाली होती. मेलंच म्हटलं."

"अगं, ते दर हिवाळ्यात बोडकं होतं. थंडीत झोपतं, झोपू द्यायचं असतं. आता अर्ध्या झोपेतून उठलंय. बाहेर ठेवलं तर कोंब गोठणार, आत ठेवलं तर ऊन-वाऱ्यावाचून झुरणार."

बाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे मीच मारलं की! अहो, बोला काहीतरी. ओरडा तरी माझ्यावर."

तो चादरीची शिवण चाचपत राहिला. "काय ओरडू? बावीस हिवाळे मी एकटाच वर जाऊन बसलो. त्याची पानं गळतात, एवढंसुद्धा तुला कधी सांगितलं नाही."

यापेक्षा त्याचं ओरडणं बाईंना परवडलं असतं. त्यांनी पदराने नाक पुसलं. "मी तरी कुठे विचारलं?"

"दिवसा ऊन असेल तेवढा वेळ बाहेर ठेव," तो म्हणाला. "ऊन कललं की आत, पण हीटरजवळ नको. थंडी सरेपर्यंत रोज करावं लागेल. तरी जगेलच असं नाही."

बाहेर ऊन पडलं होतं. बाई लगबगीने उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थबकल्या.

"पुढच्या हिवाळ्यात मलाही वर घेऊन चला."

"आणि झाड नसलं तर?"

"तरी चला."