माझ्या पोटावरची चिठ्ठी

साहेब, तुम्ही मला न वाचता हातात धरलंत. मानोरा गावच्या मंगल कार्यालयात आरोग्य मेळाव्याची फीत कापलीत, मला छातीशी धरून फोटो काढलात आणि जेवायला निघून गेलात. तुमचा अंगठा नेमका त्या चिठ्ठीवर होता.

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. आतड्याच्या सुजेवर तिकडचे वैद्य देतात ती मुळांची आणि सालींची पूड माझ्यात भरली. आत काय आहे, कोणी घ्यावं, काय सांभाळावं, सगळं माझ्या पोटावर तिकडच्या अक्षरांत छापलं होतं. इथं आल्यावर एका विक्रेत्यानं त्यावर मराठी चिठ्ठी डकवली: 'आतड्याचा रामबाण. निव्वळ झाडपाला.' माझी वाचाच बसली.

त्या मेळाव्यात जैन धर्म काटेकोर पाळणारे लखमीचंद शेठ पत्नीला, पानाबाईंना, घेऊन आले. पानाबाईंच्या मोठ्या आतड्यात चार वर्षांपासून जखमा होत्या. रक्त पडायचं, दिवसातून दहादा धावावं लागायचं. प्रवचनातून मध्येच उठलं की बाया वळून पाहत, म्हणून त्यांनी मंदिरात जाणंही सोडलं होतं. दवाखान्याच्या कॅप्सूलनं आता कुठे आराम पडला होता.

"आई, त्या कॅप्सूलचं कवच कायचं असते, माहीत आहे का?" विक्रेता म्हणाला. "जनावराची हाडं उकळून बनवतात!"

"अगं माय वं!" पानाबाईंनी पदर तोंडाला लावला.

शेठजी मुरलेले दुकानदार. सहजासहजी फसणारे नव्हेत. "याच्यात जमीकंद तर नाही ना? मुळं, कांदे?"

"छे जी!"

"जीवजंतू?"

"काय बोलता शेठजी! तुमच्या फराळापेक्षा शुद्ध माल आहे."

"मंग द्या."

कंदाची चौकशी झाली, जिवाची झाली. डॉक्टरला विचारू, असं मात्र कोणी म्हणालं नाही. आणि मी, गळ्यापर्यंत मुळांनी भरलेला, मुकाट पिशवीत जाऊन बसलो.

कॅप्सूल बंद झाल्या. रोज दिवस मावळायच्या आत माझ्यातले दोन चमचे. तीन आठवडे बरे गेले. "या डब्यानं जादूच केली वो," पानाबाई शेजारणीला सांगत. हा आजार मधून मधून आपोआपही निवतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी फळीवर ऐटीत बसून ते कौतुक गिळलं. थू माझ्यावर.

पाचव्या आठवड्यात रक्त सुरू झालं. पानाबाईंनी ते लपवलं. एका सकाळी सून रुचा न्हाणीचं दार बडवत होती. "आई, दार उघडा! काहून लपवून राह्यल्या तुमी?" मग तिनं शेठजींना हाक मारली. दार तोडलं तेव्हा पानाबाई फरशीवर पडल्या होत्या.

मोठ्या दवाखान्यात रुचानं मला त्या कॅप्सूल देणाऱ्या डॉक्टरपुढे ठेवलं. डॉक्टरांनी नखानं चिठ्ठीचा कोपरा सोलला आणि मोबाइल अक्षरांवर धरला. मोबाइल मराठीत वाचू लागला. अमुक मूळ, तमुक मूळ, आणखी एक मूळ. सगळ्यांत खाली: 'डॉक्टरांची औषधं स्वतःहून बंद करू नयेत.'

"आई, कवच नको होतं तर मले सांगायचं," डॉक्टर म्हणाले. "साधी गोळी लिहून दिली असती."

शेठजींनी मान खाली घातली. पानाबाईंच्या हाताला सलाईन होतं. तरी त्यांनी दोन्ही हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम. मले माफ करा. माह्याकडून मुळं खाल्ली गेली."

मित्रांनो, घरात येणारं औषध वाचा. वाचता येत नसेल तर जाणत्याला दाखवा. आणि पोटाच्या दुखण्याची लाज बाळगू नका. लाज माझ्यासाठी ठेवा.

साहेब, रुचानं तक्रारीसोबत आणून ठेवलं म्हणून आज मी तुमच्या टेबलावर आहे, शेजारी तो फोटो. बाहेर बाकावर पानाबाई बसल्या आहेत. आतड्याचा तुकडा काढलाय, त्यांना फार वेळ बसवत नाही. जिची चूक सगळ्यांत कमी, ती माफी मागून मोकळी झाली. माझी चिठ्ठी अजून अर्धी चिकटलेलीच आहे. उरलेली तुमच्या अंगठ्यानं सोला आणि सांगा: फोटोआधी या चिठ्ठीखाली काय आहे ते कोणी पाहिलं होतं? मोठ्यानं सांगा. बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.