पडद्याच्या त्या बाजूने

अंगठा आणि तर्जनीत धरलेला कापसाचा एवढासा पुंजका लीलाधरने हलकेच ताणला, तंतू तुटला तिथे क्षणभर पाहिलं, आणि गाडीवान तोंड उघडायच्या आत म्हणाला, "दुसरी प्रत." झाला निकाल. बोलपटाचंही त्याचं असंच. धुळ्याच्या या कापसाच्या जिनात सोमवारी येणारा गाडीवान कापसाआधी तंबूतल्या खेळाची चौकशी करायचा, आणि लीलाधरने नाक मुरडलं की आठवडाभर इथलं कुणी तंबूकडे फिरकत नसे.

"भाऊ, खेळ कसा शे?" झुलालआबांनी गाडीवरूनच विचारलं.

"सासरा पहिली प्रत, आबा. नणंदही चोख. सून मात्र लाकूड! नणंद एवढं टाकून बोलते, पण ही तोंड उघडेल तर शपथ."

सगळे हसले. तोही हसला—पण आज त्या हसण्यात कुठेतरी सरकी राहून गेली होती, दाताखाली येणारी... सकाळी त्याची बायको शेवंता भाकरी थापता थापता, मागे न वळता म्हणाली होती, "लाकूड नाही ती. गुजराती आहे. पदर उजव्या खांद्यावर होता तिचा. परमुलखातून आलेली, नणंदेचं अर्धं बोलणं कळतही नसेल तिला. बोलेल कशी?"

"अगं, पदर डावीकडेच होता. मी समोर बसून पाहिलंय."

"मीही समोरच बसले होते," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

बस, एवढंच. ज्या नजरेवर गाड्यांच्या गाड्या उलथतात तिला एका पदराने खोटं पाडावं? की बाईलाच दिसलं नाही नीट? दोघांतलं एक कुणीतरी चुकलं होतं, आणि तो मी नव्हे, एवढं नक्की होतं.

"पन भाऊ," झुलालआबा बैल सोडता सोडता म्हणाले, "मनी म्हातारी म्हने, त्या घरमा बठ्ठा डावखोरा शेतस!"

लीलाधरचा हात पुंजक्यावरच थांबला. आबांच्या बायकोला खेळातलं घरच्या घर डावखुरं दिसलं? तंबू... मधोमध टांगलेला पडदा, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका, आणि खेळाआधी बादलीभर पाणी मारून कापड भिजवणारा तो माणूस, चित्र पलीकडे उतरावं म्हणून! म्हणजे त्या बाजूने उजवं ते डावं, डावं ते उजवं. कसली गुजराती नि कसलं काय—तो मोठ्याने हसला. वाक्य तयार झालं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने ते तीनदा घोळवलं, संध्याकाळी कसं वाढायचं तेही ठरवलं—आधी पाणी मागायचं, मग पडद्याची गोष्ट सहज काढायची, आणि तिचा चेहरा बघत...

पण खेळातल्या त्या सुनेचं तोंड? ते या बाजूनेही मिटलेलं होतं आणि त्या बाजूनेही. ओल्या पडद्याने पदर फिरवला होता, गप्प राहणं फिरवलं नव्हतं.

आणि मग, नको असताना, लग्न होऊन जामनेरहून नुकतीच आलेली शेवंता—पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी—"अठी ठिवू?" 'इथे'ऐवजी आलेल्या त्या एका 'अठी'वर घर किती हसलं! आई तर हसता हसता डोळे पुसायची. महिनाभर ज्याला-त्याला 'अठी ठिवू' करून दाखवत होती. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं होतं? दुसरा हिवाळा येईतो शेवंता आमच्यासारखं बोलायला लागली होती, म्हणजे बोललीच तर. आणि मी गावभर सांगत आलो, सात वर्षं, ऐटीत—आमची मंडळी स्वभावानेच अबोल, पहिली प्रत! न ताणता लावलेली ही माझी एकच प्रत असावी... नाही, उगाच काहीतरी. बायका असतात अबोल. माझा अंदाज चुकत नाही.

संध्याकाळी तो ओट्यावर टेकला. शेवंता तांब्या घेऊन आली. वाक्य जिभेवर होतं, पडदा, बादली, उजवं, डावं, सगळं जागच्या जागी.

"अठी ठेव," तो म्हणाला.

त्याला ते आपुलकीने म्हणायचं होतं; निघालं मात्र तिला हसतानाच्या त्याच जुन्या हेलात. दुसरा हेल त्याच्यापाशी नव्हताच. शेवंताचा हात अधांतरी थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि लीलाधरने सवयीने ती नजर पारखायला घेतली—चिडली? ओळखलं तिने? हसेल?

तांब्या अजून तिच्या हातात होता, आणि त्याला प्रत सांगता येत नव्हती.