उद्घाटनाचं लाल बटन

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये पुंडलिकराव एकतीस वर्षं वायरमन होते आणि त्या एकतीस वर्षांत तिथल्या एकाही माणसाचं बोट गेलं नाही. हे ते कोणी न विचारताही सांगत. कारणही ठरलेलं असे: प्रत्येक मशीनवर त्यांनी हाताशी लाल बटन बसवलं होतं. तळहात मारला की बटन आत अडकून बसे आणि मशीन ठप्प; पिरगळल्याशिवाय बटन सुटत नसे. वायर तुटली, उंदराने कुरतडली, तरी ठप्पच. मालक कुरकुरायचे. पुंडलिकराव म्हणायचे, "दिवस गेला तं जाऊ द्या जी, बोट नाई जाणार."

म्हणून त्यांच्या मुलाने, अमरने, पुण्याची नोकरी सोडून घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये लाकडावर अक्षरं कोरणारं कॉम्प्युटरचं मशीन स्वतः बनवायला घेतलं, तेव्हा कंट्रोल पेटीचं वायरिंग बापाकडे आलं. आलं म्हणजे बापाने ओढून घेतलं. व्हिडिओ पाहून अमरने केलेली जोडणी म्हाताऱ्याने एकदाच पाहिली, "हे वायरिंग होय का शेवया?" असं विचारलं आणि पक्कड मागितली. आठ दिवसांत मोटरच्या वायरी एका बाजूला, सिग्नलच्या दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येकीला नंबर. नंबरांच्या चिठ्ठ्या सून समीक्षा लिहून द्यायची. त्यामुळे कोणती वायर कुठे जाते हे घरात दोघांनाच ठाऊक होतं, आणि मशीन ज्याचं तो त्या दोघांत नव्हता.

सगळं घोडं अडलं होतं धनसिंगभाऊंवर. भाऊ अकरा शाळांच्या संस्थेचे अध्यक्ष, शिवाय एका जिनिंगचे मालक. अकराही शाळांना कोरीव सागवानी पाट्या हव्या होत्या. उद्घाटन भाऊंच्या हस्ते आणि ऑर्डर अमरला, असं ठरलं होतं. ऑर्डर मिळाली तर अमर आणि समीक्षा दिग्रसला राहणार, नाही तर पुन्हा पुणं. बायको गेल्यापासून पुंडलिकरावांना रिकाम्या घराची धास्ती वाटे. हे मात्र ते कोणी विचारलं तरी सांगत नसत.

आदल्या दिवशी भाऊंचा माणूस इंद्रजीत तयारी पाहायला आला. मशीन चालू होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि लाल बटनावर पंजा मारला. मशीन क्षणात थांबलं.

"बिघडली का जी?" तो म्हणाला.

"बिघडली नाई, थांबली," पुंडलिकराव अभिमानाने म्हणाले. "चालू करायचं ते हिरवं."

"ते टिकलीएवढं? फोटोत दिसन तरी का? भाऊ तं लालच दाबतीन. अन् भाऊच्या हातानं मशीन बंद पडली तं पाट्या इसरा."

तो गेल्यावर अमर बापापाशी येऊन उभा राहिला. "बाबा, एका दिवसापुरतं. लाल दाबलं की चालू होईल असं करून द्या ना."

"ते थांबवायचं बटन हाय, अमर."

"मले समजत नाई का? पण मशीन कोणासाठी थांबवाल, आम्हीच इथं नसलो तं?"

मुलाने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. पुंडलिकरावांनी पेटी उघडली आणि लाल बटनाची अकरा नंबरची वायर एका स्क्रूवरून काढून शेजारच्या स्क्रूखाली दाबली. एकतीस वर्षांची अक्कल उलटी करायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. शाल झाली, नारळ झाला, भाषण झालं. भाऊंनी लाल बटन दाबलं आणि मशीन घरघरत सुरू झालं. टाळ्या पडल्या. लाकडावर 'धनसिंग' उमटू लागलं तसे भाऊ स्वतःचं नाव पाहायला खाली वाकले. स्वतःचं नाव जवळून पाहायचा मोह कोणाला होत नाही? शालीचं टोक फिरत्या पात्यात गेलं. पुढच्याच क्षणी शालीसकट भाऊंची मान खाली ओढली गेली.

पुंडलिकरावांनी लाल बटनावर तळहात मारला. एकदा, दोनदा, तीनदा. दाबलेलं बटन दाबून होणार काय? पिरगळलं असतं तर सुटलं असतं, पण हाताला सवय मारण्याची. तेवढ्यात मशीन थांबलं. त्यांनी मान वळवली, तर मागे भिंतीपाशी समीक्षा उभी, हातात उपटलेला प्लग.

तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्यांना दिसला तो बटनावरचा म्हाताऱ्याचा हात. अमरने शाल कापून काढली. भाऊंच्या मानेवर लाल वळ होता, पण बाकी ते धडधाकट होते. श्वास सावरल्यावर ते म्हणाले, "पुंडलिकराव, तुमच्या बटनानं जीव वाचवला! पाट्या तं पक्क्या. पण माह्या जिनिंगच्या साऱ्या मशीनीवर हेच बटन लावून द्या. अस्संच!"

अमरचा चेहरा उजळला. पुंडलिकरावांनी नुसती मान डोलवायची होती. मुलगा, सून, भरलेलं घर, सगळं त्या एका होकारात होतं. पण त्यांना भाऊंच्या जिनिंगमध्ये कापूस लोटणाऱ्या बायांचे हात दिसायला लागले.

"मशीन सुनेनं थांबवली," ते म्हणाले. "बटन म्या उलटं जोडलं हाय. तुमच्या फोटोसाठी."

"पाहा!" भाऊ लोकांकडे वळले. "मोठा माणूस श्रेय सुनेले देऊन राह्यला!" पुन्हा टाळ्या पडल्या.

पुंडलिकरावांना राग आवरेना. खोटं एका दिवसात पटलं, खरं मात्र कोणाला पटेना. "सरका सारे मांगं," ते ओरडले. "समीक्षा, लाव प्लग."

प्लग लागला. बटन तसंच दाबलेलं, आणि कोणी हात न लावता पातं गरगर फिरायला लागलं. भाऊंनी मानेवरून हात फिरवला आणि नाश्त्याच्या ताटाला न शिवता ते गाडीकडे निघाले. अमर गाडीमागे कोपऱ्यापर्यंत धावत गेला.

पुंडलिकरावांनी प्लग काढून पेटी उघडली. "अकरा नंबर, मामाजी," समीक्षा सासऱ्यांना म्हणाली. त्यांनी वायर जागेवर आणली, लाल बटन पिरगळून सोडवलं, प्लग लावून मशीन हिरव्या बटनाने सुरू केलं आणि लाल बटनावर तळहात मारला.

"थांबलं," ती म्हणाली.

कोपऱ्यावरून अमर परत येत होता. मान खाली, हात खिशात. पुंडलिकरावांनी पेटीचं झाकण लावून चारही स्क्रू आवळले.

"पोरी, पुण्याले नेतानी ही पेटी गादीत गुंडाळून न्या," ते म्हणाले. "वायरी हालल्या नाई पायजे."