खुरप्याला लागला कौल

टेंभुर्णीच्या पारावर सकाळपासून ही गर्दी! नवस फेडायला नव्हे, डोंगरावरच्या डब्यात कोणती चिप बसवायची याचा देवाकडून कौल घ्यायला. माणसं कशाकशाचा कौल मागतील याला काही धरबंधच नाही, असं मनात म्हणत शाळेच्या विज्ञानाच्या बाई, अक्षता वाहुळे, कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या.

डबा त्यांच्याच खटपटीचा. आभाळात वीज साठू लागली की डोंगरमाथ्यावरून ओळखायचं आणि गावातला भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. गेल्या वर्षी द्वारकाबाईंचा मुलगा भारत लिंबाच्या झाडाखाली उभा असताना वीज पडून गेला. भोंगा असता तर घरी आला असता. म्हणून डब्याचा मेंदू, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, निवडताना बाईंनी तीन बोर्ड पत्र्याच्या पेटीत घालून वैशाखाच्या उन्हात ठेवले. दोन दुपारपर्यंत बंद पडले. तिसरा थोडक्या विजेवर चालत राहिला, आणि त्याचा प्रोग्राम मुद्दाम अडकवला तरी आपला आपण पुन्हा सुरू झाला. निवड झालीच होती. तेवढ्यात सूक्ष्मानंद महाराज उपटले.

“मायक्रो म्हंजे काय? सूक्ष्म! कंट्रोलर म्हंजे? नियंता! सूक्ष्म नियंता कोन? भगवंत! मंग त्याची निवड मास्तरीण करनार का?”

“बिलकुल न्हाई!” सरपंच अण्णासाहेब म्हणाले. हेच गृहस्थ मोबाइल घेताना दहा दुकानं हिंडतात.

महाराजांनी सोबत आणलेला शेंदूर फासलेला दगड चौरंगावर मांडला. कौल लावताना देवाला पाकळ्या चिकटवतात, तसा एकेक बोर्ड दगडाला लावला. बाईंनी निवडलेला घसरला. दुसराही घसरला. उरलेला महाराजांच्या भाच्याच्या दुकानातला, पाठीला सोनेरी ‘कवच’ असलेला. तो घट्ट बसला! उन्हात सगळ्यात आधी मान टाकली होती ती याच बोर्डाने. लोकांनी जयजयकार केला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भोंगा मुका राहिला तर पुढचा भारत कुणाच्या घरचा?

“महाराज, कवच काढून लावा की.”

“कवच काढलं की कोप व्हतो!”

“बरं. द्वारकामावशी, तुमचं खुरपं द्या जरा.”

मोसंबीच्या बागेत निंदायला निघालेल्या द्वारकाबाईंनी खुरपं दिलं. बाईंनी ते दगडाला टेकवलं आणि हात सोडला. खुरपं जागच्या जागी चिकटलं.

“देवाला खुरपं पसंत पडलं,” बाई म्हणाल्या. “तेच बसवा डोंगरावर. ढग आले की निंदून काढील.”

कुणीतरी फिसकन हसलं. “हात लावू नका, भस्म व्हाल!” महाराज ओरडले. बाईंनी खुरप्याच्या टोकानं शेंदूर खरवडला. आत जुन्या लाउडस्पीकरचं काळं लोहचुंबक बसवलेलं. आणि कवच? सोनेरी रंग दिलेला लोखंडी पत्रा! बाकीच्या बोर्डांना लोखंडाची पाठच नव्हती, ते चिकटणार कसे? महाराज बघता बघता खरोखरच सूक्ष्म झाले.

“पर कौल आपली रीत हाये, मॅडम,” अण्णासाहेब पुटपुटले.

द्वारकाबाईंनी खुरपं उचललं. “रीत देवळात ठेवा. मह्या भारतला या दगडानं सांगितलं का, वीज येऊन राह्यली म्हणून? उन्हात जे टिकलं तेच बसवा.”

संध्याकाळी बाईंचाच बोर्ड डोंगरावर चढला. लोकहो, चिकटलं की हात जोडू नका; का चिकटलं ते विचारा. जिवाशी गाठ असेल तिथे तरी आधी खुरपं लावून पाहा.