मधलं कापरं गवत

माझी थोरली बहीण मर्ल पॅस्को तीस वर्षं गावच्या शाळेत शिवण शिकवत होती आणि तितकीच वर्षं गवतं गोळा करत होती. इथली नव्हेत, बाहेरून आलेली. मेंढ्यांच्या लोकरीत अडकून, गोणपाटाला चिकटून, जशी जमली तशी दक्षिण ऑस्ट्रेलियात येऊन बसलेली. "आपण तरी वेगळे कुठं आलो?" ती म्हणायची. आमचे आजोबा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून तांब्याच्या खाणीत कामाला आलेले.

गवत वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं आणि शहरातल्या हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाला, पाठवायचं. तिथले डॉक्टर ऑटवे जात ठरवून पोस्टकार्डावर कळवायचे. बावीस वर्षं असं चाललं होतं, पण दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

एकोणीसशे एकसष्ट सालच्या नोव्हेंबरात मर्लला दफनभूमीत ब्रायझा सापडलं. ब्रायझा म्हणजे कापरं गवत. केसासारख्या देठांना लोंबणारी चपटी कणसं, कुणी जवळून गेलं तरी थरथरतात. आमच्याकडे त्याच्या दोनच जाती ठाऊक होत्या. थोरल्याची कणसं बोटाच्या पेराएवढी, धाकट्याची डाळीच्या दाण्याएवढी. दोन्ही हिवाळी पावसात उगवतात आणि डिसेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, वाळून मरतात. मर्लचं म्हणणं, हे तिसरं आहे, मधलं, वर्षानुवर्षं जगणारं. पान काडीला जिथं बिलगतं तिथला पापुद्रा धाकट्यात लांब नि टोकदार असतो. यात आखूड, बोथट होता.

डॉक्टरांचं कार्ड आलं. "धाकटंच आहे. पापुद्रा फाटला असावा. मुळं पाठवलेली नाहीत. इच्छेवरून जात ठरत नसते."

मर्लनं ते कार्ड चहाच्या डब्याला टेकवून ठेवलं आणि आठवडाभर त्याच्याकडे रागानं बघितलं.

"मुळं का नाही पाठवलीस?" मी विचारलं.

"थॉमसिन रॉडाच्या थडग्यावर उगवलंय ते. तिच्या उशाशी खणू? विचारल्याशिवाय?"

थॉमसिनचा नातू जोरी रॉडा आमचा बेकरीवाला. तो म्हणाला, "आजी जिवंतपणी बागेतलं पान तोडू द्यायची नाही. आता हरकत घेणार नाही, खणा." वर त्यानं सांगितलं की आजीच्या अंत्यविधीला तिच्या कॉर्नवॉलमधल्या बहिणीनं वाळल्या गवताचा गुच्छ पाठवला होता, तो वर्षभर थडग्यावर पडून होता.

तरी मर्लनं खणलं नाही. "मी खणलं तर डॉक्टर म्हणतील, दुसऱ्याच झाडाचं मूळ जोडलंय." तिनं कार्ड लिहिलं, "जानेवारीत स्वतः या. धाकटं असेल तर वाळून गेलेलं असेल, आणि मी पुन्हा तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही."

डॉक्टरांनी एकवीस तारीख कळवली. आणि मला पालिकेचा कागद आला की आगीचा धोका आहे, वीसच्या आत दफनभूमीतलं गवत कापा. दफनभूमीची देखभाल माझ्याकडे, म्हणून ते काम माझंच. मी यंत्र घेऊन गेलो तर मर्ल थॉमसिनच्या थडग्यापाशी छत्रीखाली खुर्ची टाकून भरतकाम करत बसलेली.

"ऊठ, मर्ल."

"यंत्र माझ्यावरून ने."

"कागदावर सही आहे गं."

"कागद वाच. वाळलेलं गवत लिहिलंय. हे हिरवं आहे."

मी वाचला. खरंच वाळलेलं लिहिलं होतं. चादरीएवढा हिरवा तुकडा सोडून मी बाकीचं कापलं. शेजारचा नळ चार वर्षं गळत होता आणि मी तो उद्या-उद्या करत दुरुस्त केलाच नव्हता. मर्ल म्हणाली, "त्या नळावरून तुला जे बोलले ते परत घेते."

डॉक्टर आले. उंच, हडकुळे, त्या उन्हातही टाय बांधलेले. त्यांनी आधी नळच पाहिला.

"मिस पॅस्को, पाणी मिळालं तर धाकटंही रेंगाळेल. हिरवेपणा हा पुरावा नाही."

मर्लचा चेहरा उतरला. नळाचं पाणी धाकट्यालाही जगवेल, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. पण ती म्हणाली, "मग खणा. परवानगी आहे."

"माफ करा हं, बाई," असं थडग्याला म्हणून डॉक्टर पालथे पडले. भिंगातून एकेक पापुद्रा बघितला. मग चाकूनं माती सैल करून एक बुंधा वर काढला. मातीखाली आडवं खोड होतं, गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्या त्यालाच चिकटलेल्या, आणि टोकाला पांढरे कोंब फुटलेले, पुढल्या वर्षासाठी. डॉक्टर बराच वेळ तसेच पडून राहिले. मला वाटलं, ऊन लागलं.

मग उठून बसले. टायला चिखल. "ब्रायझा मीडिया," ते म्हणाले. "मधलं. मी चुकलो."

मी मर्लला साठ वर्षं ओळखतो, खूश झाली की तिचे कान लाल होतात. आत्ता दोन्ही लाल झाले होते.

डॉक्टरांनी खिशातून नमुन्याला लावायची चिठ्ठी काढून लिहायला घेतलं. गोळा करणारी, मर्ल पॅस्को. जात ठरवणारे, इथं थोडं थांबले आणि पुन्हा तेच नाव लिहिलं.

"तिथं तुमचं नाव असतं," मर्ल म्हणाली.

"ओळखलं तुम्ही. मी फक्त प्रवास केला."

घरी पेस्टी होत्या, मांस-बटाटा भरून भाजलेल्या, गरम. डॉक्टरांनी दोन खाल्ल्या आणि तिसरीकडे बघत म्हणाले, "बावीस वर्षांत आणखी कुठं चुकलोय, असं वाटतं तुम्हाला?"

मर्ल उठली, कपाटातून वही आणली. तिला डॉक्टरांचं पटलं नव्हतं अशी अकरा गवतं होती. डॉक्टरांनी टाय सोडला, कोट खुर्चीला अडकवला. बहिणीला इतकं बोलताना मी शाळेतसुद्धा पाहिलं नव्हतं. ब्रोम नावाच्या एका गवताच्या कुसळावरून दोघं अशी भांडली की शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली. चार ठिकाणी मर्लनं माघार घेतली, तीही हसत हसत. सात ठिकाणी डॉक्टरांनी.

शेवटची गाडी निघून गेली होती. डॉक्टर माझ्या खोलीत झोपले, मी व्हरांड्यात, आणि सकाळी उठलो तेव्हा दोघं भिंग घेऊन आमच्याच परसात ओणवी झालेली.