गड्याइतका रोज

दादाभाऊ दारात येऊन उभे राहिले, तेव्हा बानूबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. ती उठली नाही.

"बसा दादाभाऊ. एवढी भाकर व्हऊ द्या."

दादाभाऊ बाहेरच्या बाजेवर टेकले. बोरी बुद्रुकात त्यांचं कांद्याचं रान सगळ्यात मोठं. बानूबाईच्या घराला गुंठाभरही जमीन नव्हती. नवरा मच्छिंद्र मेंढ्यांमागे आठ महिने गावोगाव फिरायचा आणि घर चालायचं ते दादाभाऊंच्या रानातल्या रोजावर.

दोन वर्षांपूर्वी तिने विचारलं होतं, "काम गड्याएवढंच, मग आमचा रोज निम्मा का?"

"परवडत नसंल तर उद्यापासनं येऊ नको," दादाभाऊ म्हणाले होते.

घरात पीठ नव्हतं, दुसरं काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मान खाली घालून कांदे काढायला गेली होती.

पुढे ओतूरच्या एका मेसवाल्याला कॉलेजच्या पोरांसाठी बाजरीच्या भाकरी हव्या होत्या. आधी तिने एकटीने थापल्या. मागणी वाढली तशी शेजारची म्हातारी विधवा कोंडाबाई आली, मग वस्तीवरच्या बाकीच्या बाया आल्या. सकाळी दुधाच्या टेंपोतून टोपल्या ओतूरला जाऊ लागल्या. भाकरीचे पैसे हातात येऊ लागल्यावर ज्याचं काम पटेल त्याच्याच रानात बाया जायच्या, तेही बानूबाईला विचारून.

"आभाळ भरून आलंय," दादाभाऊ म्हणाले. "आज कांदा निघाला न्हाई तर रानात सडंल. तू म्हणल्याबिगर एक बाई यायला तयार न्हाई."

बानूबाईने हातावरचं पीठ झटकलं.

"येतील की. गड्याला देता तेवढा रोज द्या."

"समद्यांना?"

"समद्यांना. कोंडाबाईला बी."

"ती आता थकलीय, बानूबाई."

"कांदा काय तिचं वय इचारतोय?"

दादाभाऊंनी आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. देतो."

"मला नगा सांगू. रानात गड्यांम्होरं सांगा."

त्यांनी तसं सांगितलं, थोडं घुटमळत. बायांनी पदर खोचले आणि ओळी धरल्या. पाऊस आला नाही, ढगांतून कडक ऊन पडत राहिलं, आणि दिवस कलायच्या आत बराचसा कांदा ताडपत्रीखाली गेला.

चहाच्या सुट्टीत गडी लिंबाच्या सावलीत बसले, नेहमीसारखे. बाया त्यांच्या रोजच्या जागी, बांधाच्या पलीकडे उन्हात निघाल्या. कोंडाबाई मात्र बांधाशी थांबली, वळली, आणि सावलीत जाऊन बसली.

भिमा नावाचा गडी थोडा सरकला आणि त्याने एरवी गड्यांनाच मिळणारा चहाचा पहिला पेला तिच्यापुढे ठेवला.