फाइलमधली ओळ

"आधी ती ओळ खोड, मग सुई टोच," गुलजारआपा म्हणाल्या आणि हात ओढणीखाली घेतला.

नाशिकच्या आमच्या डायलिसिस सेंटरमधली सकाळची शिफ्ट. आठ मशीनं सुरू झालेली, नववं आपांसाठी खोळंबलेलं. चांदवडहून पहिल्या एसटीने आलेली, ब्लाऊज शिवून पोट भरणारी ही बाई हटून बसली होती.

ती ओळ माझी. मी धम्मपाल, इथला टेक्निशियन. रक्तवाढीचं इंजेक्शन घरी घेऊनही आपांचं हिमोग्लोबिन सातच्या वर सरकेना, तेव्हा मी फाइलवर ठोकून दिलं, 'रुग्ण इंजेक्शन घेत नाही.' विचारलंसुद्धा नाही. बाई कंटाळा करत असणार, हे मला बसल्या जागी ठाऊक! आपांची बहीण तबस्सुम किडनी द्यायला तयार होती. त्या एका ओळीवरून किडनी बसवायला मंजुरी देणाऱ्या कमिटीने ऑपरेशन अडवलं. औषधं न घेणाऱ्या बाईला किडनी कशाला, म्हणे.

आपा रडल्या नाहीत. पुढच्या खेपेला शेवयांचा डबा आणून माझ्या टेबलावर पालथा केला. सहा महिन्यांच्या रिकाम्या सिरिंजा, प्रत्येकीला ब्लाऊजपिसाची चिंधी, चिंधीवर तारीख.

"देख ले. एकपण चुकवली नाय मी. आता तुमचं काय चुकलं ते बघा."

तो डबा पाहून नव्या डॉक्टर तेजस्विनी मॅडमनी कधी न केलेली तपासणी केली. मॅग्नेशियम फार कमी निघालं.

"ते कमी असलं की हे इंजेक्शन नीट लागू पडत नाही, असं दिसतं," मॅडम म्हणाल्या. "आणि ॲसिडिटीची गोळी आपणच दोन वर्षं देतोय. तिच्यामुळेच मॅग्नेशियम उतरलं असेल."

गोळी बंद केली, मॅग्नेशियम भरून काढलं. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन दहावर आलं. फाइलमधली माझी ओळ मात्र तशीच राहिली. आणि आज मी शहाणा रिपोर्ट पाहून हसत म्हणालो, "बघा आपा, वेळेवर इंजेक्शन घेतलं की कसं वाढतं!"

झालं. तिथेच बिनसलं.

"आपा, उशीर केला तर अंगात पाणी चढेल हो."

"चढू दे. झूठी म्हणून मी हितं झोपणार नाय."

मी फाइल आणली. ओळ खोडली, सही केली. खाली लिहिलं, 'इंजेक्शनं नियमित घेतली. चूक आमची.'

"वाच. मोठ्यानं."

आठ खाटांसमोर मी वाचलं. लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

"आता जाऊ दे ही फाइल कमिटीकडं," आपा म्हणाल्या. मग ओढणी सारून त्यांनी हात उशीवर ठेवला.

"हं. टोच आता."